बिनविरोध

प्रिय बेबी,

‘माननीय सदस्य’ असं लिहायला घेतलं होतं, पण हात वळला नाही. जिल्हा मंडळात तुझ्या नावाची पाटी कितीही चकचकीत असो, माझ्यासाठी तू बेबीच. आणि पन्नाशीला टेकलेल्या बाईला लोक अजून बेबी म्हणतात याचं हसू यायचं सोडून मला त्याचाही हेवा वाटतो, हे आधीच सांगून मोकळी होते. मला कुणी कधी लाडाचं नाव ठेवलं नाही. तू जन्मलीस आणि मी ताई झाले. चार वर्षांची ताई! तेव्हापासून बाबासुद्धा मला ताईच म्हणतात, जसं काही मी त्यांच्याहूनही मोठी आहे.

बाबा बरे आहेत. गुडघा कुरकुरतो, पण ते कुरकुरत नाहीत. तुझा फोन आला की अजून खुर्चीतून उठून उभे राहतात आणि उभ्याउभ्याच बोलतात. मी समोर बसून चार गोष्टी सांगत असले तर पेपर बाजूला करत नाहीत, पेपराच्या आडूनच हं हं चालू असतं. तुझा वक्तृत्वाचा कप अजून कपाटावर आहे. ते भाषण कुणी लिहिलं होतं, आठवतंय का गं? मी लिहिलं. कुठे थांबायचं, कुठे हात वर करायचा, तेही मीच घोटून घेतलं. तू टाळ्या घेऊन आलीस, बाबांनी कप डोक्यावर धरून घरभर मिरवला आणि मग माझ्या हातात देऊन म्हणाले, ताई, जरा पुसून वर ठेव. अजून मीच पुसते. घरातही तू पहिल्यापासून बिनविरोधच.

गेल्या दोन्ही खेपांना मंडळावर तशीच गेलीस. समोर कुणी उभंच नाही, मग मतदान कशाला! पेपरात फोटो आला, बाबांनी तो कापून काचेखाली ठेवला. पुढची निवडणूक महिन्यावर आलीय आणि तुझ्या माणसांनी आताच गुच्छांची ऑर्डर दिली म्हणे. फुलवाला चष्म्याच्या नंबरासाठी माझ्याकडेच येतो, तोच सांगत होता.

दवाखान्यात मी अजून तेच करते. लोकांच्या डोळ्यांचा नंबर काढते, बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घालते, मग डॉक्टर आत बोलावतात. थेंब घातले की माणूस अर्धा-पाऊण तास डोळे मिटून बाकावर बसतो. वाचता येत नाही, फोन बघता येत नाही. करणार काय? बोलतो. आणि माझ्याशी बोलायचं म्हणजे तुझ्याबद्दल बोलायचं. तुम्ही सदस्यबाईंच्या बहीण ना, इथून सुरुवात. मग आमच्या गल्लीतले दिवे, मग बसथांब्याचं उडालेलं छप्पर, मग आपल्या इमारतीसमोरच्या गटाराचं झाकण. वर्ष होत आलं त्याला. बाबांनी जुन्या पलंगाची फळी नेऊन त्यावर टाकलीय. खुर्ची तुझी आणि बोलणी मी खायची, असा मामला. बरं, ऐकून घेतलं तरी तुला सांगायची सोय कुठे! तुझा फोन तुझा सचिव उचलतो आणि मला आपण कोण विचारतो.

एकदा वैतागून एका शिंपीणबाईंना विचारलं, अहो, मतदार तरी आहात का तिच्या? तर म्हणाल्या, माझं नावच नाही यादीत. पुढच्याला विचारलं, त्याचंही नाही. घर बदललं की नाव उडतं, पुन्हा घालायचं तर नोंदणीची खिडकी आता कचेरीच्या तिसऱ्या मजल्यावर नेलेली, उघडते सकाळी आणि बंद होते दुपारच्या आत. कामावर जाणारा माणूस जाईल कधी? आमच्या अख्ख्या इमारतीत राखणदाराचं तेवढं नाव निघालं. बाबांचंसुद्धा नव्हतं! लेकीच्या नावाने दिवसभर छाती फुगवणारा माणूस, तिचा मतदार नाही. बाबांना तुझा फोन आला तेव्हा मधेच घेऊन मी तुला हे सांगितलं, तर तू हसलीस. म्हणालीस, ताई, नावं कमी तेवढी कटकट कमी. तू गमतीत म्हणालीस, मी धरून बसले. मी धरूनच बसते, तुला ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवसापासून मी बाकावरच्या लोकांकडून नोंदणीचे फॉर्म भरून घ्यायला लागले. आयते बसलेले, पळून जाणार कुठे! मी विचारून विचारून लिहायची, बोट धरून जागा दाखवायची आणि सही घ्यायची. मोठा गठ्ठा झाला. मिरवत नेऊन दिला खिडकीवर, आणि आठवड्याने सगळाच्या सगळा परत आला. बेबी, थेंब घातलेल्या माणसाला हातभरावरचं दिसत नाही, हे मी रोज दहादा लोकांना बजावते, आणि मीच त्यांच्याकडून सह्या घेत होते! कुणाची सही चौकटीच्या बाहेर, कुणाची फोटोवर, एका आजोबांनी तर थेट माझ्या अंगठ्यावर सुरू करून कागदावर संपवलेली. खिडकीवरची बाई म्हणाली, ही मंडळी काय घेऊन बसली होती? मी लाजेने अर्धी झाले. डॉक्टर तर दिवसभर हसत होते. मग शहाणी झाले, आधी सही, नंतर थेंब. दुसरा गठ्ठा एकही न परतता लागला, त्यात माझंही नाव लागलं; बाबांचा फॉर्म तेवढा राहूनच गेला. तुला सांगते, खिडकीतून पोच हातात पडली तेव्हा मला जे वाटलं ना, ते तुला कपाच्या वेळी वाटलं असेल. मला उशिरा वाटलं, एवढंच.

नावं लागली तशी लोक आणखी एक विचारायला लागले. नाव तर घातलंत, आता मत कुणाला द्यायचं? उभं कोण आहे दुसरं? एक निवृत्त बस ड्रायव्हर आहेत, मोतीबिंदूचे, मोठ्या आवाजाचे. ते भर दवाखान्यात म्हणाले, बाई, तुम्हीच राहा की उभ्या! सगळे हसले, मीही हसले. पण घरी येऊन कपडे घडी करताना मी मनातल्या मनात तुझ्या खुर्चीवर बसून पाहिलं. तुझी ती निळी साडीही नेसून पाहिली, मनातच. बरी दिसले मी. नंतर स्वतःचाच राग आला, आणि थोड्या वेळाने तुझा आला.

आता जे लिहायचं ते लिहिते. दोन महिन्यांमागे शिंपीणबाई त्या फळीवरून घसरल्या. पायाला लागलं. इमारतीतले लोक बाबांकडे आले, म्हणाले, काका, तुमची लेक आहे, तुम्ही शब्द टाका. बाबांना कोण आनंद! इस्त्रीचा शर्ट, तपकिरी कोट, बूट पुसलेले, तुला न कळवता गेले. म्हणाले, कामाच्या जागी बघतो तिला एकदा. संध्याकाळी आले ते जिन्यात सगळ्यांना सांगतच. बेबी मला बघून खुर्चीतून उठली, स्वतः चहा मागवला, तक्रार आपल्या हाताने लिहून घेतली, आठवड्यात झाकण बसणार. मी दारात उभी राहून ऐकत होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. मला कधी बोलावलंस कचेरीत? मला कधी पाजलास चहा? रात्री जेवताना मी काहीतरी खोचक बोललेसुद्धा. ते अर्ध्या ताटावरून उठले. मला वाटलं, लेकीच्या कौतुकाने पोट भरलंय.

आठवडा गेला, महिना गेला. झाकण आलं नाही. लोक जिन्यात बाबांना गाठून विचारू लागले, काका, कधी हो? मग बाबांनी खाली बाकावर बसणंच सोडलं. आता पेपरही मीच वर आणते.

आणि परवा तुझ्या कचेरीतला शिपाई नंबर काढायला आला. भला माणूस आहे, त्याच्यावर डाफरू नकोस, त्याला बिचाऱ्याला मी कोण तेही माहीत नव्हतं. तुमच्याकडे फार गर्दी असते का, असं मी सहज विचारलं. तर म्हणाला, म्हातारी माणसं फार येतात हो. मध्ये एक आजोबा आले होते तपकिरी कोटात. नाव विचारलं तर नुसतं ‘एक रहिवासी’ लिहा म्हणाले, काम काय तर गटाराचं झाकण. मी चिठ्ठी आत दिली, आतून निरोप आला, सोमवारनंतर या. तरी ते बसून राहिले. जेवणाच्या सुट्टीनंतर मॅडम बाहेर आल्या, फोनवर बोलत समोरून गेल्या. आजोबा उठून उभे राहिले. मॅडमचं लक्ष नव्हतं. मग माझ्याकडे पाणी मागितलं, प्यायले आणि गेले.

मी त्याच्या डोळ्यासमोर भिंग धरलं होतं. ते तसंच धरून उभी राहिले, शेवटी तोच म्हणाला, बाई, काही दिसत नाहीये.

मला तुझा राग आला, हे तर आलंच. पण खरं सांगू? त्याच्याआधी हेवा वाटला. त्या माणसाने तुझ्यासाठी चहाचा कप कल्पनेने भरला, तुला खुर्चीतून उठवलं, तुझ्या हातात पेन दिलं आणि आयुष्यात कधी खोटं न बोललेला माणूस जिना भरून खोटं बोलला, तुझी मान खाली जाऊ नये म्हणून. माझ्यासाठी कधी बोलले असते का गं? मी चुकले की ते चारचौघांत सांगायचे, ताई चुकली. तू मुद्दाम केलं नाहीस, मला कळतं. चिठ्ठीवर नाव नव्हतं. पण बेबी, चिठ्ठीवर ज्यांची नावं असतात त्यांना तरी तू कधी आत बोलावतेस? मला काही कळलंय हे बाबांना माहीत नाही आणि कळू द्यायचंही नाही. तू आलीस की त्यांच्यासमोर त्या चहाची आठवण आपणहून काढ. एवढं तरी खोटं तूही बोल.

तर, मी अर्ज भरलाय. तुझ्या विरोधात. यंदा मतदान होणार. लोक म्हणतील, थोरली जळते धाकटीवर. म्हणू देत, जळतेच. अर्धा जळफळाट आहे आणि अर्धं ते गटार आहे, आणि कुठलं अर्धं मोठं ते माझं मलाच सांगता येत नाही. कदाचित पडेन. तुझ्यासारखं बोलता येत नाही मला, माझा आवाज दवाखान्यापुरताच आहे. पण तुला या खेपेला दारोदार यावं लागेल, फळीवरून चालावं लागेल आणि लोकांना उत्तर द्यावं लागेल. एवढं झालं तरी मला पुष्कळ आहे. नाही, खोटं कशाला लिहू, पुष्कळ नाही. मला जिंकायचंय.

हे पत्र मी आपणहून लिहीत नाहीये. अर्जावर सूचक म्हणून कुणा नोंदलेल्या मतदाराची सही लागते. मी ड्रायव्हरकाकांना सांगून ठेवलं होतं. आज सकाळी ते यायच्या आत बाबा दवाखान्यात आले, तोच कोट घालून. कधी गेले, कुणाबरोबर गेले काही पत्ता नाही, पण तिन्ही मजले चढून नाव लावून आले होते. पोच माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, सूचक मी. का, ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कागदावर त्यांनी माझ्या बाजूने सही केली, अगदी सावकाश, चौकटीच्या आत. आता डोक्यावर हात ठेवतील, निदान शाबास म्हणतील, म्हणून मी वाट बघत उभी होते. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, ताई, बेबीला हे बाहेरून कळता कामा नये, तिला फार लागेल. फोन करू नकोस, तू तिरकस बोलशील. आजच्या आज पत्र लिही, आणि नीट समजावून लिही, तिला रडू येईल असं काही लिहू नकोस.

या निवडणुकीपुरती समोरची, पण तुझीच,
ताई