लाल औषधाची अर्धी हकिकत

बेंगळूरु, ९ जून २०२५

ती. सकवारआत्यांस,
नमस्कार मनापासून, राग त्याहून मनापासून.

तोंडात फोड आल्यानं तुम्हाला फोनवर बोलता येत नाही, म्हणून लिहिते. काल तुमच्या लेकानं, गिरीराजनं, मोठ्या ऐटीत कळवलं, की आईनं स्तनाच्या गाठीवरचं लाल औषध सोडलं आणि आता ती कुण्या गुरूचं चूर्ण घेते. साखरही बंद, कारण साखरेवर म्हणे कॅन्सर पोसतो. त्याला सांगा, त्या लाल औषधाच्या रेणूलाच साखरेची शेपटी आहे. तिच्यामुळेच तो डीएनएला घट्ट धरून बसतो.

प्रयोगशाळेत सहा वर्षं मी हेच बघते आहे. मातीतल्या जंतूंनी बनवलेलं हे अँटिबायोटिक. त्याच्या चपट्या कड्या डीएनएच्या पायऱ्यांमध्ये सरकतात. डीएनएचा पीळ सोडवायला एक एन्झाइम त्याला कापतं आणि पुन्हा सांधतं. हे औषध कापू देतं, सांधू देत नाही. तुटका डीएनए घेऊन गाठीतली पेशी मरते. चूर्णवाल्याला हे जमतं का, विचारा. पुढचा डोस मुकाट घ्या.

लोभ ठेवा, थोडी अक्कल गिरीराजला द्या.
चंदना

देवनहळ्ळी, १४ जून

चि. चंदनास आशीर्वाद, तू मागितले नसलेस तरी.

शहाणे, चूर्ण मी रोज मोरीत ओतते. लेकाचं मन राहतं, मोरीचं काही बिघडत नाही. डोस मी सोडला नाही, डॉक्टरांनी थांबवला. एको केला तर हृदयाची ताकद घटलेली. स्वल्प थांबू, दुसरं औषध बघू, म्हणाले. गिरीराजला बोलले नाही. तो गुरूलाच घरी आणून बसवील.

डॉक्टरांना कारण विचारलं. तुझ्या त्या एन्झाइमचं भावंड हृदयातही असतं, औषध त्यालाही धरतं, म्हणाले. मग सहा वर्षं तू काय बघत होतीस? एवढं पानभर लिहिलंस, त्यात हृदयाचं एक अक्षर नाही. चूर्णवालाही आपल्या मालाचे गुणच सांगतो. चार महिन्यांत तुला देवनहळ्ळीची बस मिळाली नाही. इथल्याच विमानतळावर मात्र दोनदा येऊन गेलीस.

नवं औषध ठरवायला २४ तारखेला बोलावलंय. मी एकटी जाईन, सरी, ठीक आहे.

राग आला तर येऊ दे, पत्र मात्र पाठव.
सकवारबाई

बेंगळूरु, १९ जून

ती. आत्यांस नमस्कार.

हृदयाचं मला पहिल्या डोसाआधीपासून माहीत होतं. सांगितलं तर तुम्ही घाबरून औषध नाकाराल, असं मनाशी म्हणत राहिले. खरं तर घाबरले होते मी. समोर आले असते तर बोलावं लागलं असतं, म्हणून आलेच नाही. गिरीराजला हसले, पण तो निदान रोज तुमच्याजवळ बसतो.

२३ला संध्याकाळी मुक्कामाला येते. गिरीराजला आपण दोघी मिळून सांगू. डॉक्टरांना प्रश्न तुम्ही विचारा, मी ऐकेन.

रागावलेल्याच राहिलात तरी चालेल. दार तेवढं उघडा.
तुमची चंदना