आईला योग्य फोन घेऊन देणे

३ मार्च
आईचा बटणांचा फोन महिनाअखेर निकामी होणार. कंपनी टूजी बंद करतेय. ताईचे दिवस भरत आलेत. आईचं एकच म्हणणं, भाऊजींनी फोन केला की तो लागला पाहिजे. ठीक. मी दूरसंचार शिकले आहे. हे काम माझं.

५ मार्च
आई म्हणाली, कोपऱ्यावरच्या दुकानातून कुठलाही आण. याच वृत्तीमुळे लोक फसतात. आधी तिला फोनच्या माहितीतले इंग्रजी संक्षेप समजावणार, मग खरेदी.

८ मार्च, संध्याकाळ
पहिला तास. एनएफसी, ओएलईडी, ईसिम. आईने मध्येच विचारलं, यात भाऊजींचा फोन येतो ना? विषयाला सोडून. व्होल्टे, म्हणजे फोरजीवरून बोलणं, मी गाळलं. हल्ली सगळ्यांतच असतं.

१४ मार्च
मॉडेल ठरलं. इथे विकत नाहीत, म्हणजे चांगलंच असणार. परदेशातून दोन मागवले, एक मला. आई म्हणाली, दुकानदाराला एकदा विचार तरी. त्याला काय विचारायचं?

२६ मार्च
फोन आले. पाण्याच्या बादलीत बुडवून पाहिला, तरी चालू. कॉलही लागला. विषय संपला. आईने तरीही भाऊजींना शेजारच्या काकूंचा नंबर देऊन ठेवला. मी मनावर घेतलं नाही.

१ एप्रिल
टूजी बंद. आमच्या दोन्ही फोनवरचे कॉलही. इंटरनेट मात्र उत्तम. कारण सापडलं: इथली कंपनी या मॉडेलला व्होल्टे देत नाही. इतके दिवस कॉल गुपचूप टूजीवरून जात होते. फोनचा दोष शून्य. बोलणं सोडून तो सगळं करतो. आईला हे नीट समजावलं. ती भांडी घासत राहिली.

२ एप्रिल, सकाळ
आईचा फोन ऑफिसला आणलाय. दोन्ही रीसेट करून सेटिंग बदलते. संध्याकाळपर्यंत नक्की.

२ एप्रिल, संध्याकाळ
झालं नाही. उद्या दुसरा उपाय.
घराला कुलूप. काकू जिन्यात भेटल्या. भाऊजींचा फोन सकाळीच त्यांच्याकडे आला. आईला दवाखान्यात सोडून त्या आत्ता परतल्या होत्या. ताईला मुलगी झाली. आई त्यांच्या फोनवरून दिवसभर माझा नंबर लावत होती म्हणे.
काकूंनी मला आपादमस्तक न्याहाळलं.
“फोन नाही का गं तुझ्याकडे?”
दोन आहेत, म्हटलं.