शपथेवाचून साक्ष

१७६४. दहावा महिना, ६

लान्स गवंड्याने आज आमच्या वरच्या कुरणाची भिंत अंधार पडेपर्यंत रचली. दगड झकास बसवतो, पण तोंड गप्प राहत नाही. तुम्ही क्वेकर पंथाचे लोक मुकाट्याने प्रार्थनेला बसता की झोपायला, म्हणे!

७

दाट धुकं. भिंतीचं काम बंद, मी दिवसभर दुकानात.

१२

लान्सला धरून नेलं! शेजारच्या मायल्सची मेंढी सात तारखेला संध्याकाळी नाहीशी झाली, आणि ती लान्सने चोरली असं मायल्स म्हणतो. मेंढीचोराला फाशी असते. पण त्या संध्याकाळी लान्स माझ्या भिंतीवर होता, मी स्वतः त्याला दगड उचलून देत होतो! माझी बहीण टॅमर म्हणते, अशा खटल्यात शपथेशिवाय आपली साक्ष चालत नाही. न का चालेना. शपथ मी घेणार नाही.

१४

न्यायाधीशापुढे टोपी घालूनच उभा राहिलो. शिपायाने ती उडवली. मी उचलून पुन्हा घातली—रागाने, हे कबूल करतो. टोपी आम्ही फक्त देवापुढे काढतो. न्यायाधीशाला 'तू' म्हणालो तर कारकुनाला ठसकाच लागला. राजा भेटला तरी तूच म्हणेन. सगळ्यांच्या आत देवाचा तोच उजेड, मग वरचा कोण नि खालचा कोण?

बायबलवर हात ठेव, नाहीतर तुझ्या बोलण्याला किंमत नाही, असं न्यायाधीशाने बजावलं.

मी म्हणालो, "आज शपथ घेतली तर एरवी मी खोटं बोलतो असं ठरेल. लान्स सात तारखेला माझ्याकडे होता. बस्स."

मग मायल्सच माझ्याकडे बोट करत उठला! या माणसाच्या दुकानात घासाघीस चालत नाही, भाव एक आणि शब्दही एक, तेव्हा मी तक्रार मागे घेतो, म्हणाला. लान्स सुटला! दोन दिवसांनी आज ओटची भाकरी घशाखाली उतरली. किती हलकं वाटतंय!

१५

कालचं पुन्हा वाचलं—स्वतःच्या कौतुकाने, दुसरं काय! सहज मागची पानं उलटली. भिंत सहा तारखेला. सातला धुकं, लान्स आलाच नव्हता!

शपथ घ्यायची असती तर दहादा आठवून पाहिलं असतं. माझाच शब्द, म्हणून तपासला नाही. लाज वाटते. टॅमरला वही दाखवली. "आधी मायल्सकडे जा," एवढंच म्हणाली.

१६

मायल्सला सगळं सांगितलं.

"तासन्‌तास गप्प बसता तुम्ही लोक," तो म्हणाला, "आणि नेमकं आजच बोलायचं सुचलं तुला?"

मेंढी त्याला तेरा तारखेलाच घळीत मरून पडलेली सापडली होती. धुक्यात पडली असणार. गावभर चोर चोर म्हणून ओरडल्यावर हे सांगायची त्याला लाज वाटली, आणि तक्रार मागे घ्यायला माझी साक्ष आयतीच मिळाली. म्हणजे लान्सने काही केलंच नव्हतं. देवा, सुटलो!

आता दोघे न्यायाधीशाकडे निघालोय, खरं सांगायला. मायल्स टोपी काढील, मी नाही. पण या वेळी वही बरोबर घेतो आहे.