शिंजीर गारठला नव्हता

कोल्हापूर,
रविवार, १२ जानेवारी २०२५

प्रिय अवनी,

सकाळी सहाला उठलो. थंडी होती. पाणी भरलं, चहा केला, तुझ्या आईच्या फोटोला जास्वंद वाहिली. दुपारी आमटी-भात. एवढाच दिवस. पण आज मी मोठ्याने हसलो, म्हणून लिहितो आहे. फोनवर मला नीट बोलता येत नाही, आणि तुझ्या जर्मनीच्या नोकरीचा विषय काढला की तू 'अप्पा, जेवलात का' विचारतेस.

चहा घेऊन गॅलरीत गेलो, तर कपड्यांच्या तारेवर लोकरीचा एक लहानसा गोळा. डोकं नाही, चोच नाही. शिंजीर होता, दिवसभर जास्वंदीतला मध चोखत नाचतो तो. हात लावला तरी उडाला नाही. मला वाटलं, गारठून चालला. घाईत आईची तपकिरी कानटोपी हाताला लागली. आजारपणात ती घालायची. ती गेल्यापासून वर्षभर मी ती धुतली नव्हती, का ते तुला सांगायला नको. त्याला टोपीत गुंडाळून शेगडीजवळ धरलं आणि शेजारच्या उदयसिंहांना हाक मारली. ते कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे.

"हंबीरराव, काय करतायसा! आजारी न्हाय ते, झोपलंय की!" दारातूनच ओरडले.

मग समजावलं. आईच्या हुपरीच्या चांदीच्या जोडव्यांएवढं त्याचं वजन, अंगातली ऊब पटकन निघून जाते. म्हणून रात्री तो पिसं फुगवतो. त्यांत अडकलेली हवा हीच त्याची गोधडी. चोच उघडी पडते, ती पाठीच्या पिसांत खुपसतो. अंगही थोडं थंड होऊ देतो, म्हणजे संध्याकाळी प्यालेला मध सकाळपर्यंत पुरतो. "ते चष्मेवाले पक्षी फांदीवर एकमेकाला चिकटून बसत्यात. ह्याचं एकट्याचं भागतंय," म्हणाले.

तेवढ्यात टोपी हलली. शिंजीर बाहेर आला, माझ्या बोटाला चोच मारली, टोपीत घाण केली आणि डब्यांवरून एक फेरी मारून खिडकीतून पसार.

"घ्या! पावणं आभार मानून गेलं!" उदयसिंह म्हणाले. आम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. माझं जरा उशिरा थांबलं.

टोपी धुवावीच लागली. तिच्यातला आईचा वास गेला. तो जाईल त्या दिवशी मी कोसळेन असं मला वाटायचं. तसं काही झालं नाही. ऊन छान पडलं होतं.

परवा तुझी मैत्रीण भैरवी भेटली. शुक्रवारी तू त्या नोकरीला नकार कळवणार आहेस आणि त्याचं कारण मी आहे, हे तिच्याकडून कळलं. तिला रागावू नकोस. अवनी, होकार कळव. माझी आठवण येईल तेव्हा येऊन जा, काळजीपोटी थांबू नकोस. तू गेलीस तर मला आनंद होईल, हे मी तुला कधी सांगितलं नाही म्हणून आज लिहिलं. पत्र उद्या स्पीड पोस्टाने टाकतो. आता मटकी भिजत घालायची आहे. अर्धी वाटी पुरते. उठतो.

तुझाच,
अप्पा