बादलीतलं पाणी

१४ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

आज शेड उघडली. दोन टोपल्या शिंपले कुजले होते, ते पुरले. फरशी धुतली. दुपारी थोडं जेवले.

तू चार दिवस इथे होतीस, पण समोर विचारणं जमलं नाही. फोनवर तर नाहीच. त्या शनिवारी शिंपले उघडताना यांच्या अंगठ्याला सुरी लागली. तू दिलेले हातमोजे पाकिटातच होते. ते घातले की हाताला शिंपला कळत नाही, म्हणायचे. रक्त थांबेना म्हणून मीच समुद्राच्या पाण्याची बादली पुढे सरकवली. जखम खाऱ्या पाण्यात धरायची, हे मला सासूबाईंनी शिकवलेलं. वर चेष्टाही केली, की एवढ्याशा खरचटण्याला किती तोंड वाकडं करता. संध्याकाळी ताप, रविवारी हात कोपरापर्यंत काळानिळा, सोमवारी सगळं संपलं. डॉक्टर म्हणाले, समुद्राच्या कोमट पाण्यातले जिवाणू जखमेतून रक्तात गेले. मधुमेहामुळे शरीर झुंजू शकलं नाही.

तू प्रयोगशाळेत हेच पाणी तपासतेस. मी बादली पुढे केली नसती तर हे वाचले असते का? मन राखायला काही लिहू नकोस.

जेवणाची हेळसांड करू नकोस. माझ्यावरचा लोभ होता तसाच ठेव.

तुझी,
वहिनी

१९ ऑगस्ट

ती. वहिनी,
सा. न. वि. वि.

तीनदा उत्तर लिहिलं आणि फाडलं.

ते जिवाणू पाण्यात असतात, तसे शिंपल्यांवरही असतात. सुरीबरोबर आत गेले की बादलीतून, हे आता कुठल्याही तपासणीत कळणार नाही. बादलीने धोका वाढला, हे मात्र खरं. तुम्ही खरं मागितलंत म्हणून लिहिते.

आता माझं ऐका. तुमच्या खाडीचा नमुना आदल्या दिवशी, शुक्रवारीच वाईट निघाला होता. दुसरा नमुना जुळेपर्यंत बाहेर बोलायचं नाही, असा आमचा नियम. दुसऱ्याचा निकाल सोमवारी यायचा होता. शुक्रवारी संध्याकाळी दादाचा फोन आला. नेहमीसारखं विचारलं, बाटलीतला समुद्र काय म्हणतो? मी विचारलं, जेवलास का.

गेल्या वर्षी मी नियम मोडून त्याला सांगितलं होतं. दुसरा नमुना चांगला निघाला आणि त्याचा आठवड्याचा माल फुकट गेला. वर्षभर मला भित्री भागुबाई म्हणत होता. म्हणून या वेळी गप्प राहिले.

तुम्हाला तोंड दाखवायची हिंमत नाही. या म्हणालात तर येईन. लोभ ठेवा असं लिहायचा हक्क उरला आहे की नाही, माहीत नाही.

आपली,
धाकटी

२४ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून राग आला. आधी तुझा, मग माझा, मग यांचाही. तो गेलेला नाही, आणि जाईल असं मी लिहीत नाही.

त्या शुक्रवारी फोन ठेवून हे म्हणाले होते, धाकटी आज मोजूनमापून बोलली, तिचं काहीतरी बिनसलंय. उद्या शिंपले उरकले की निवांत विचारतो.

ये. येताना तुझं अंथरूण आण, इथलं अजून धुतलेलं नाही. लोभाचं काय ते इथे आल्यावर बघू.

वहिनी

ता. क. आज सकाळी पाणी उकळलं. पाकीट फोडून ते हातमोजे घातले, मला मोठे होतात. बादली घासून उन्हात उपडी ठेवली. मग हातमोजे धुतले आणि दोरीवर वाळत घातले.