टाकीवर धरलेली बर्फाची साय

ती. आईस,
तुझ्या धाकटीचा नमस्कार.

डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, असा दादाचा फोन आला आणि जिवात जीव आला. थेंब वेळेवर घालतेस ना? डोळा चोळू नकोस.

मी बरी आहे, जेवते वेळेवर. आमच्या टाकीची चाचणी मात्र फसली. टाकी म्हणजे घराएवढा थर्मासच. आत अतिथंड इंधन असतं आणि बाहेरची ऊब आत शिरू नये म्हणून दोन भिंतींमधली हवा काढून घेतलेली असते. काल सकाळी पाहते तर बाहेरच्या पत्र्यावर बर्फाची साय धरलेली! कुठल्याशा जोडातून हवा शिरली होती आणि इंधनाची वाफ होऊन उडत होती. साहेब म्हणाले, "रिकामी करा. पुन्हा पहिल्यापासून."

या चाचणीपायीच मी रजा मागितली नाही. "माझ्यावाचून अडेल," असं तुला सांगितलं होतं. काही अडलं नसतं गं.

पट्टी सोडल्यावर तू आधी दाराकडे पाहिलंस, असं वहिनी म्हणाली. तिला बोलू नकोस, मीच खोदून विचारलं.

दुसऱ्या डोळ्याच्या वेळी मी तुझ्यासमोर बसलेली असेन. पण पहिल्या वेळी नव्हते, ते नव्हतेच.

तुझीच,
धाकटी