दादाची सकाळची गोळी

मंगळवार, संध्याकाळ. अकोल्याच्या दवाखान्यात.

दादाच्या मेंदूतली गाठ काढली. माझ्या दुकानातलं बीटी बियाणं त्यानं पेरलं आणि कपाशीला बोंडअळी लागली, तेव्हापासून त्याचं बीपी चढलेलंच. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी बजावलं होतं, बीपीची सकाळची गोळी घोटभर पाण्यासोबत द्याच. दादाला आत नेल्यावर वहिनी तिच्या बहिणीशी पुटपुटली, "उपाशी पोटी गोळी काऊन देऊ वं? पदराले बांधून ठेवली." माझे कान तिखट. गोळी राहिल्याचं धावत जाऊन सांगितलं, तोवर भूल दिलेली.

आत्ता डॉक्टर बाहेर आले. "बीपी दोनदा उसळलं. सावरलं, पण रक्तस्राव झाला. शुद्धीचं सांगता येत नाही. गोळी राहिली कशी?"

मागं वहिनी पदराची गाठ मुठीत धरून उभी.

"मीच विसरलो, साहेब."

एवढीशी गोळी! दादा उठला नाही, तर गावी मोताळ्यात सारे मलाच बोल लावतील. लावू देत. तिला आईसमोर त्याच घरात दिवस काढायचे आहेत.